तीन टिंबं

गाडीची दोन्ही डोकी गेली होती आणि ताईचं तिसरं जायच्या बेतात होतं.

इंजिन जुन्या धाटणीचं, दांडगं. तीन सिलिंडर या अंगाला, तीन त्या अंगाला, आणि दोन्ही अंगांना वरून बोल्टांनी आवळलेलं एकेक जड झाकण. पुस्तकात त्याला सिलिंडर हेड म्हणतात, गॅरेजात नुसतं डोकं. ती दोन डोकी आता बाळ्याच्या गॅरेजातल्या पत्र्याच्या टेबलावर उताणी पडली होती. दोन्हींत व्हॉल्व्हच्या मधोमध केसाएवढी चीर गेली होती. चीर गेली की वेल्डिंग नाही, घासणं नाही, काही नाही. डोकं बदलायचं, नाहीतर गाडी भंगारात.

"बघ," बाळ्या म्हणाला. "तापमानाचा काटा न बघता गाडी हाकली की हे असं होतं."

बाळ्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वय सेहेचाळीस, टक्कल चकचकीत, गॅरेजचा मालक, गिऱ्हाइकांच्या तोंडी 'मास्तर'. पण घरात एकदा पडलेलं नाव माणसाला शेवटपर्यंत सोडत नाही, म्हणून ताईच्या लेखी तो बाळ्याच.

"काटा मी बघितला होता," ताई म्हणाली. "चढ लागायच्या आधीच बघितला. बघितला म्हणून तर तुला फोन केला. तू काय म्हणालास?"

"पाणी टाक म्हणालो."

"पाणी टाक आणि ये हळूहळू, काही होत नाही, माझ्यासमोर गिऱ्हाईक बसलंय, असं म्हणालास."

"मग? आलीस का हळूहळू?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी गाडीत पाच नर्स होत्या, सकाळच्या पाळीच्या. पाणी टाकलं, हळूहळू निघाली, आणि चढाच्या मध्यावर बॉनेटमधून भसाभस वाफ आली. पाचही जणींना भर रस्त्यात उतरवावं लागलं. पांढऱ्या कपड्यांतल्या पाच बायका ट्रकला हात करत उभ्या राहिल्या, आणि ताई पुढच्या चाकाशी बसून रडायचं की लाथ घालायची ते ठरवत होती. तिने लाथ घातली. अंगठा अजून दुखत होता.

"चार वर्षांपूर्वी तुला एवढी चांगली डोकी बसवून दिली होती," बाळ्या हात पुसत पुटपुटला. "दुसऱ्या कुणाच्या हातात दहा वर्षं टिकली असती. बायकांना काट्याचं कळत नाही, त्याला कोण काय करणार?"

चोराच्या उलट्या बोंबा! ताई गेली सव्वीस वर्षं गाडी चालवत होती. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा हीच गाडी घेऊन तिने हॉस्पिटलच्या फेऱ्या धरल्या, एक पाळी सोडायची, दुसरी आणायची, आणि त्यावर दोन पोरींची शिक्षणं उरकली. सव्वीस वर्षांत गाडीवर ओरखडा नव्हता. हा मात्र दर पावसाळ्यात स्वतःच्याच गॅरेजच्या खांबाला आरसा घासून घ्यायचा.

पण भांडायलाही वेळ पाहिजे. मोठ्या सिस्टरने कालच गोड शब्दांत बजावलं होतं. "ताई, तुमच्या गाडीत बसलं की घरच्यासारखं वाटतं. पण वर्षात ही तिसरी वेळ. पेशंट आमच्यासाठी थांबत नाहीत हो. सोमवारपासून गाडी आली तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरी व्हॅन बघतोय." आज बुधवार होता. या गाडीची नवी डोकी बनणं बंद होऊन जमाना लोटला होता. नवी गाडी घ्यायची तर ताईला स्वतःचं डोकं गहाण टाकावं लागलं असतं, आणि ते कुणी ठेवून घेतलं असतं असं नाही. राहिली वापरलेली डोकी.

"किलोशेठकडे एक जोडी आहे," बाळ्या म्हणाला. "अव्वल. मी फोन करून थांबवून ठेवलीय. तू फक्त हो म्हण."

"बघितल्याशिवाय नाही म्हणणार."

"अगं, मी बघितलीय ना."

"म्हणूनच बघायचीय," ताई म्हणाली आणि जाऊन त्याच्या गाडीत बसली.

वाटेतही गॅरेज तिच्या डोक्यातून जाईना. गॅरेजात गेलं की तिचं असंच होई. ते गॅरेज बाबांचं. बाबा चाळीस वर्षं डोकी घासत. इंजिन तापलं की डोकं वाकतं, वाकलं की बसत नाही; मग ते मशीनवर धरून कागदाच्या जाडीएवढं घासून पुन्हा सपाट करायचं, हा बाबांचा धंदा. ताई दहा वर्षांची असल्यापासून मागच्या खोलीत मशीनपाशी उभी असायची. बाळ्या पुढच्या टेबलावर. इस्त्रीचा शर्ट, पावत्यांचं पुस्तक, गिऱ्हाइकाला चहा. त्याला तेलाचा वास सोसत नसे. ताईच्या नखांतलं तेल लग्नातही निघालं नव्हतं, सासूबाईंनी ते बघून नाक मुरडलं होतं. लग्नानंतरही दर रविवारी ती बाबांकडे जायची, कारण बाबांचा हात थरथरायला लागला होता आणि आठवड्याभराच्या डोक्यांवर टिंबं मारायचं काम तिच्याकडे होतं. मग अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले आणि गॅरेज बाळ्याचं झालं. मुलाचंच व्हायचं असतं, असं सगळे म्हणाले. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही तोंड उघडलं नाही. त्याचा राग तिला बाळ्यापेक्षा स्वतःवरच जास्त होता, आणि स्वतःवरचा राग काढायचा कुणावर? म्हणून तो बाळ्यावर निघे. एरवी दोघांचं बरं होतं. पोरींच्या परीक्षांना पेढ्याचा पहिला पुडा त्याचाच यायचा.

किलोशेठचं भंगाराचं आवार म्हणजे मेलेल्या गाड्यांची वस्ती. दारांची चळत, सीटांचा डोंगर, एका कोपऱ्यात नुसती स्टिअरिंगं. किलोशेठ स्वतः वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून बसलेला. या माणसाला जगात किलोशिवाय दुसरं माप ठाऊक नव्हतं. त्याला कुणी नात झाल्याचे पेढे दिले तरी तो आधी पुडा हातावर तोलून बघायचा.

"या ताई. फार दिवसांनी," तो उठला. "तुमच्या बाबांच्या वेळी यायचात. मास्तर, तुमची जोडी तिथे टेबलावर काढून ठेवलीय. अकरा किलो एक, पावणेअकरा दुसरं."

ताईने जोडी बघितली आणि मनातल्या मनात का होईना, तिला मानावं लागलं. दोन्ही डोकी चंदेरी रंगाने रंगवलेली. बाळ्याची सवय. घासलेला पृष्ठभाग मात्र कोरा, आरशासारखा. तिने पिशवीतून बाबांची पोलादी पट्टी काढली, डोक्यावर उभी, आडवी, तिरकी धरली, आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते वाकून बघितलं. कुठेच नाही. व्हॉल्व्हच्या मधे बोटाच्या टोकाने चाचपलं. चीर नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवून शेठकडून बाटलीभर रॉकेल मागून आत ओतलं आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबली. थेंब गळला नाही.

"काय?" बाळ्या छाती काढून म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी माझ्याच हातची. मीच घासून बसवली होती. त्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं, गाडी इथे आली, डोकी शाबूत. फार चाललीही नव्हती बिचारी."

ताईला हो म्हणायचं होतं. अगदी तोंडावर आलं होतं. सोमवार दिसत होता, मोठ्या सिस्टर दिसत होत्या, पहाटेच्या थंडीत पहिल्या वळणावर लागणारा चहाचा टपरीवाला दिसत होता. राग धरून ठेवायला कारणच उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचंही थोडं वाईट वाटलं. तिने डोकं उचलून वजन बघावं म्हणून बाजूचा कान धरला. कान म्हणजे डोक्याच्या कडेला बोल्टसाठी बाहेर आलेला जाड तुकडा. रंगाखाली तिच्या अंगठ्याला खळगे लागले.

तिने डोकं खाली ठेवलं. नखाने रंग खरवडला. मग किल्लीने खरवडला.

एक. दोन. तीन. ओळीत नव्हे, उजवीकडे उतरत गेलेली तीन टिंबं. ताई डावखुरी. लहानपणापासून हातोडीखाली धरलेला टोकदार पंच तिरका पडायचा, आणि बाबा म्हणायचे, असू दे, तुझी सही आहे ती.

शाळेत शिकवतात, वाक्याच्या शेवटी तीन टिंबं दिली की पुढे अजून काही आहे. बाबांच्या शाळेत उलटं. डोकं पहिल्यांदा घासलं की एक टिंब. दुसऱ्यांदा घासलं की दुसरं. तेच डोकं तिसऱ्यांदा आलं की घासायचंच नाही, कारण आता त्यात घासण्याइतकं मांसच उरलेलं नसतं. घासलं तर दिसेल छान, बसेल छान, आणि पहिल्याच मोठ्या चढावर तापून फुटेल. तिसरं टिंब मारायचं आणि भट्टीत पाठवायच्या मालाच्या फळीवर टाकायचं. तीन टिंबं म्हणजे संपलं.

"हे कुठून आणलं होतंस?" तिने विचारलं. 

बाळ्याने मान वाकवून बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. "दिसली ना? तीन टिंबं! म्हणून म्हणत होतो डोळे मिटून घे. बाबांचा अव्वल नंबरचा माल. मी तर बाजारातून जुनं घ्यायचं झालं तर तीन टिंबांचंच घेतो. एक टिंब, दोन टिंबं असला हलका माल मी हातात धरत नाही."

ताईला वाटलं आपल्याला ऐकू कमी आलं.

"काय म्हणालास?"

"अगं, एक टिंब साधं, दोन मध्यम, तीन उत्तम."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? डोळे आहेत ना. बाबा तीन टिंबंवाली कधी गिऱ्हाइकाला देत नसत. मागच्या खोलीत, वेगळ्या फळीवर, वर पोतं टाकून. माणूस झाकून काय ठेवतो? चांगलं तेच ना? बाबा गेले तेव्हा फळीवर सत्तावीस होती. मी एकेक करून सगळी घासली, रंगवली आणि बसवली. ती संपली तेव्हा शेठना सांगून ठेवलं."

"हो तर," किलोशेठ म्हणाला. "तुमचे बाबा पोतं भरून पाठवायचे, मी वितळवायला धाडायचो. शेवटची काही पोती पडून राहिली होती, त्यांवर मास्तरांनी बंदी घातली. तीन टिंबांचं एकही भट्टीत घालायचं नाही, मी दुप्पट भाव देतो म्हणाले. मी म्हटलं बापाची आठवण असेल."

ताई खाली बसली. भंगारातली एक सीट होती, तिच्यावर. क्षणभर तिला हसू फुटेल असं वाटलं. हसू आलं नाही. बाबांनी चाळीस वर्षं जी डोकी वेचून वेचून रस्त्यावरून काढली, ती या शहाण्याने अकरा वर्षं वेचून वेचून परत रस्त्यावर आणली होती. दुप्पट भाव देऊन! रंग देऊन! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं म्हणावं तर इथे पीठ खाणारं कुत्रंही कुणी नव्हतं. फायदा कुणाचाच नाही. नुसतं दळण.

मग तिला दुसरी गोष्ट आठवली आणि ती उठली.

"माझ्या गाडीवर चार वर्षांपूर्वी बसवलीस ती?"

"तीन टिंबांचीच," बाळ्या दुखावल्यासारखा म्हणाला. "शेवटची राहिलेली जोडी, फळीवरची. सख्ख्या बहिणीला काय हलका माल देणार होतो? दुसरं गिऱ्हाईक मागत होतं, त्याला नाही म्हणून तुला दिली."

त्याने खरंच जपून ठेवून दिली होती. हेच तिला सहन होईना. मुद्दाम फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन, गॅरेजची पायरी न चढण्याची शपथ घेऊन मोकळी झाली असती. हा प्रेमाने मारत होता. आणि वर चार वर्षं ऐकवत होता, बायकांना काट्याचं कळत नाही. ताई चार वर्षं रोज पहाटे टॉर्च घेऊन रेडिएटरचं पाणी बघायची. आपलंच काही चुकतंय, आपलाच पाय जड पडतोय, असं मानून चढावर चपला काढून अनवाणी गाडी चालवायची. अनवाणी!

"बाळ्या," ती म्हणाली, "तीन टिंबं म्हणजे मेलेलं डोकं."

तिने सांगितलं. तीनच वाक्यांत सांगितलं. बाळ्या हसला.

"काहीतरीच. तसं असतं तर बाबांनी मला सांगितलं नसतं?"

"शेठ, एक टिंबाचं याच गाडीचं डोकं आहे का तुमच्याकडे?"

"ढीग आहे ना. मास्तर नको म्हणतात, दुसरं कुणी या गाडीचं मागत नाही." किलोशेठने सीटांच्या डोंगरामागून एक डोकं ओढत आणलं. धुळीने माखलेलं, वर पाखरांनी घाण केलेली. ताईने कान पुसला. एक टिंब, तिरकं. तिने दोन्ही डोकी काट्याच्या सपाट पत्र्यावर शेजारी शेजारी ठेवली, एक टिंबाच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि तिचं टोक चंदेरी डोक्याच्या वर नेलं. खाली फट दिसली.

"तुझं कार्ड दे."

"कसलं कार्ड?"

"गिऱ्हाइकांना वाटतोस ते."

बाळ्याने खिशातून गठ्ठा काढला. गुळगुळीत जाड कार्ड, वर गाडीचं चित्र आणि खाली सोनेरी अक्षरांत 'वडिलांचा हात, मुलाची साथ'. ताईने एक कार्ड फटीत सरकवलं. गेलं. त्याच्यावर दुसरं. गेलं. तिसरं गेलं. चौथं अडकलं, पण अर्धं आत जाऊनच.

"मोज," ती म्हणाली. "तीन कार्डं आणि वर अर्धं. एवढं मांस नाही यात. कागदाएवढं घासताना बाबांचा जीव जायचा, आणि तू यातून आणखी काढलंस. गॅस्केट उडणार नाही तर काय होणार? चीर जाणार नाही तर काय होणार? सांग ना मास्तर! तुझी किती डोकी परत येतात वर्षाला?"

बाळ्याने उरलेला गठ्ठा खिशात परत कोंबला. परत येत होती. येत होती आणि तो प्रत्येकाला तेच ऐकवत होता. पाणी बघत नाही तुम्ही. चढावर गियर बदलत नाही. पेट्रोल भेसळीचं. नशीब तुमचं. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण तर बापाने स्वतःच्या हाताने सारवून दिलेलं. तो फटीतल्या स्वतःच्या कार्डांकडे बघत राहिला आणि त्याच्या टकलावर घाम आला.

"बाबांनी मला का नाही सांगितलं?" तो शेवटी म्हणाला. लहानपणी खेळणं मोडल्यावर काढायचा तोच आवाज.

"तू मागच्या खोलीत कधी आलास?"

"शेवटी... हॉस्पिटलात..." तो अडखळला. "शेवटच्या दिवशी एक म्हणाले होते."

"काय?"

"टिंबांचं ताईला विचारून घे, म्हणाले होते."

आवारात कुणीतरी पत्रा कापत होतं. तो आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"मग?" ताई म्हणाली.

"मग काय... तेव्हा गडबड होती. नंतर गॅरेज माझ्याकडे आलं. तू बोलत नव्हतीस माझ्याशी धड. आणि..." त्याने नजर चुकवली. "मालक मी. लोक बघत असतात. आता काय बहिणीला विचारायला जायचं, टिंबं म्हणजे काय म्हणून? मला वाटलं, कळतंय की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अकरा वर्षं! दर महिन्याला ही तेल बदलायला त्याच्या दारात यायची. बाकावर बसून त्याने मागवलेला चहा प्यायची. एक प्रश्न. चहा संपायच्या आत उत्तर मिळालं असतं. आणि बाबांनी तिचं नाव घेतलं होतं. मरताना, गॅरेजबद्दल बोलताना, तिचं नाव घेतलं होतं, आणि ते तिच्यापर्यंत आज पोचत होतं, एका भंगाराच्या आवारात, पाखरांनी घाण केलेल्या डोक्याशेजारी. मुलाचंच व्हायचं असतं म्हणणाऱ्या सगळ्यांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढे आले. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि या खेपेला तो स्वतःवर नव्हता.

"शेठ, हातोडा द्या."

"कशाला?"

"मोठा द्या."

किलोशेठने बाळ्याकडे बघितलं, बाळ्याने जमिनीकडे. ताईने काट्याशेजारचा हातोडा स्वतःच उचलला. डाव्या हातात धरला, उजवा आधाराला लावला.

"अहो ताई! माल आहे तो!"

"किलोनेच विकता ना? वजन कमी नाही होणार."

किलोशेठ दोन पावलं मागे सरकला. हिशोब बरोबर होता.

पहिला घाव आरशासारख्या पृष्ठभागाच्या मधोमध बसला. दुसऱ्या घावाला दोन व्हॉल्व्हच्या मधली पातळ भिंत पिचली, इतकी सहज की किलोशेठच्या तोंडून "अरे बापरे" निघालं. तिसरा घाव तिने उगाच घातला. तो चार वर्षांच्या अनवाणी चढांचा होता. दुखरा अंगठा ठणकत होता, हाताला झिणझिण्या आल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही. रागाचं पाणी पुसायचं नसतं, वाहू द्यायचं असतं.

ती दुसऱ्या डोक्याकडे वळली. ते टेबलावर पालथं होतं. बाळ्याने ते उचललं. अकरा किलोचं धूड, इस्त्रीच्या शर्टाला काजळी लागली तरी छातीशी धरून आणलं, पत्र्यावर तिच्यासमोर ठेवलं, उताणं केलं आणि बाजूला झाला.

तिने तेही फोडलं.

मग पाणी प्यायली. एक टिंबाची जोडी जुळवायला तासभर गेला. ढिगातली सात डोकी पट्टीखाली घातली. दोन वाकडी निघाली पण बिनचिरेची, एकदा घासली की सरळ होतील अशी. किलोशेठने काट्यावर टाकून भंगाराच्या भावाने दिली, आणि ताईने ती घेतली. घेऊ की नको हा प्रश्न आता उरलाच नव्हता.

"संध्याकाळपर्यंत घासून देतो," डोकी डिकीत ठेवताना बाळ्या हळूच म्हणाला.

"तू मशीनला हात लावायचा नाहीस. मी घासणार. दुसरं टिंबही मीच मारणार. पंच कुठे आहे बाबांचा?"

"आहे. पुढच्या टेबलावर. कागदांवर वजन म्हणून ठेवतो."

ताईने डोळे मिटून एकदा श्वास घेतला. "आणि तोवर तू पावत्यांची पुस्तकं काढ. अकरा वर्षांची. तीन टिंबांची किती बसवलीस?"

बाळ्याने बोटं मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. "पन्नासेक गाड्या असतील. रस्त्यावर अजून पंचवीस-तीस."

"सगळ्यांना फोन करायचा. आजच. चढावर नेऊ नका, गाडी घेऊन या म्हणायचं. मोठ्या सिस्टरच्या नवऱ्याची पण असेल त्यात, तूच केली होतीस ना?"

"ताई, अगं पण..." तो डिकीचं झाकण धरून उभा राहिला, ते लावायचंही त्याला सुचेना. "एवढ्या लोकांना मी सांगू तरी काय? काय म्हणून सांगू?"

ताईने त्याच्या हातातून झाकण घेतलं आणि धाडकन लावलं.

"खरं ते सांग," ती म्हणाली. "सांग, बहिणीला विचारायचं राहून गेलं."